पूरगणिताचा फोर्ट्रान प्रोग्राम: प्रीप्रोसेसर कुठे लावावा, कुठे लावू नये

पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की सांगलीत सगळ्यांचं लक्ष दोन आकड्यांवर असतं: कोयनेतून किती क्युसेक सुटलं आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. कराडला प्रीतिसंगमाखाली आलेला विसर्ग बहे, ताकारी, भिलवडी करत आयर्विनपर्यंत किती वेळात पोचतो आणि वाटेत किती उतरतो, हे काढणारा एक जुना फोर्ट्रान प्रोग्राम आम्ही आजच्या कंपायलरांवर उभा केला. पद्धत मस्किंगमची, म्हणजे वरच्या टोकाच्या विसर्गावरून खालच्या टोकाचा विसर्ग पायरीपायरीने काढण्याची. कोड बराचसा फोर्ट्रान ७७ च्या वळणाचा, सगळा कॅपिटलमध्ये, ७२ कॉलमांत बसवलेला. गणिताला हात लावला नाही. खरं काम होतं ते एकाच सोर्समधून वेगवेगळे बिल्ड काढण्याचं, आणि त्यासाठी प्रीप्रोसेसर लागला.

बिल्ड असे हवे होते: लिनक्सवर जीफोर्ट्रान आणि विंडोजवर इंटेलचा कंपायलर, ३२-बिट आणि ६४-बिट अचूकता, ओपनएमपीसह (म्हणजे काम एकाच वेळी अनेक धाग्यांत वाटून) आणि ओपनएमपीशिवाय, पावसाचे आकडे नेटसीडीएफ या स्वरूपाच्या फाइलीतून आणि जिथे ती वाचणारी लायब्ररी नाही तिथे साध्या मजकुराच्या फाइलीतून. अशा वेळी पूर्वी सरळ फाइलीची प्रत काढून त्यात बदल करायची पद्धत होती. तीन-चार वर्षांत त्या प्रती एकमेकींपासून इतक्या लांब जातात की एका प्रतीत केलेली दुरुस्ती दुसरीत आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एक सोर्स आणि त्यात अटींच्या ओळी, हाच मार्ग धरला.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. प्रीप्रोसेसर कंपायलरच्या आधी फाइल वाचतो आणि # ने सुरू होणाऱ्या ओळींनुसार मजकूर ठेवतो, काढतो किंवा बदलतो. त्याला फोर्ट्रान कळत नाही. तो मुळात सी भाषेचा. फोर्ट्रानच्या प्रमाणकात त्याला जागा नाही. १९९९ मध्ये आयएसओ १५३९ च्या तिसऱ्या भागात फोर्ट्रानसाठी वेगळी अटींची भाषा आणली होती, तिच्या ओळी दोन प्रश्नचिन्हांनी सुरू व्हायच्या. ती रुजली नाही आणि पुढे मागे घेतली गेली. त्यामुळे आज प्रत्येक कंपायलर सीच्या धर्तीचा आपापला प्रीप्रोसेसर देतो आणि त्यांच्यात बारीक फरक आहेत. पुढचे बहुतेक घोटाळे याच दोन गोष्टींतून निघतात.

सुरुवात चालू करण्यापासून. जीफोर्ट्रान फाइलीच्या शेपटाकडे, म्हणजे नावातल्या टिंबानंतरच्या भागाकडे, बघतो. एफ९० मधला एफ कॅपिटल असेल तर प्रीप्रोसेसर आपोआप चालतो, स्मॉल असेल तर चालत नाही. जुन्या पद्धतीच्या नुसत्या एफ शेपटाचंही तेच. स्मॉल असूनही चालवायचा असेल तर -सीपीपी, कॅपिटल असूनही बंद ठेवायचा असेल तर -नोसीपीपी. इंटेलमध्ये लिनक्सवर -एफपीपी, विंडोजवर /एफपीपी. एनव्हीफोर्ट्रानमध्ये -एमप्रीप्रोसेस. विंडोजची फाइल सिस्टिम कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाही. पेनड्राइव्ह, झिप, एखादं जुनं बॅकअप सॉफ्टवेअर यांतून फिरून आलेल्या फाइलीचा कॅपिटल एफ कधी स्मॉल होऊन बसतो ते लक्षातही येत नाही. म्हणून शेपटाच्या भरवशावर राहू नये. मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत, फ्लॅग नेहमी स्पष्ट लिहावा.

तो बंद राहिला तर काय होतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावं. जीफोर्ट्रान एरर देऊन थांबेल अशी अपेक्षा असते, पण # च्या ओळीवर तो फक्त प्रीप्रोसेसरची ओळ अवैध असल्याची वॉर्निंग देतो, ती ओळ टाकून देतो आणि पुढे जातो. म्हणजे अट सुरू करणारं #इफडेफ गेलं, दुसरी फांदी उघडणारं #एल्स गेलं, अट संपवणारं #एंडइफ गेलं, आणि दोन्ही फांद्यांतली वाक्यं कोडमध्ये राहिली. घोषणा असतील तर एकच नाव दोनदा आल्याचा एरर येतो आणि आपण वाचतो. पण दोन्ही फांद्यांत साधी असाइनमेंट असेल, समजा एकीत कालपायरी १ तास आणि दुसरीत ३ तास, तर दोन्ही ओळी एकापाठोपाठ चालतात आणि शेवटची टिकते. प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, उत्तर देतो. फक्त ते भलत्याच सेटिंगचं असतं. वॉर्निंगच्या गर्दीत ही एक ओळ हरवू देऊ नये.

यावरचा उपाय, आणि या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगाची सवय, म्हणजे -ई. जीफोर्ट्रानला -सीपीपी -ई देऊन फाइल चालवली की तो कंपाइल न करता प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडलेला मजकूर दाखवतो. कंपायलरला दिसतं ते हेच. काहीही विचित्र वाटलं तर मूळ फाइलीकडे टक लावून बसण्याआधी हा मजकूर उघडावा. सोबत -पी दिलं की मधल्या ओळक्रमांकांच्या खुणा निघून जातात आणि वाचायला सोपं पडतं. कोणते मॅक्रो, म्हणजे प्रीप्रोसेसर ज्यांच्या जागी दुसरा मजकूर घालतो ती नावं, आधीपासून ठरलेले आहेत ते पाहायचं तर -ई सोबत -डीएम द्यावं. कोणता कंपायलर आहे हे ओळखायला जीफोर्ट्रान, इंटेलचा जुना कंपायलर आणि नवा कंपायलर आपापल्या नावाचे मॅक्रो ठेवतात, त्यांच्यावर विसंबता येतं. ऑपरेटिंग सिस्टिम ओळखायला मात्र सीमधले ओळखीचे मॅक्रो फोर्ट्रानकडे असतीलच असं धरू नये. ते मेकफाइलमधून -डी या मॅक्रो ठरवणाऱ्या फ्लॅगने आपणच द्यावं.

आता सीच्या सवयी फोर्ट्रानला कुठे चावतात ते पाहू. काही जुन्या मेकफाइलींत प्रीप्रोसेसर कंपायलरमार्फत न चालवता सीपीपी ही कमांड वेगळी चालवलेली असते. जीफोर्ट्रान आतून तीच यंत्रणा वापरतो, पण पारंपरिक मोडमध्ये, म्हणजे सीच्या जुन्या नियमांनी. वेगळी चालवली की ती आधुनिक सीच्या नियमांनी चालते, आणि आधुनिक सीमध्ये दोन तिरप्या रेघा म्हणजे कॉमेंट. फोर्ट्रानमध्ये त्याच दोन रेघा स्ट्रिंग जोडतात. समजा आउटपुट फाइलीचं नाव असं बनतं:

      फाइलनाव = ट्रिम(फोल्डर) // ट्रिम(ठाणं) // '.डॅट'

सीपीपीतून बाहेर पडताना याचं होतं:

      फाइलनाव = ट्रिम(फोल्डर)

हे फोर्ट्रानचं पूर्ण शुद्ध वाक्य आहे. कंपायलरला तक्रार करायला जागाच नाही. मग भिलवडी आणि आयर्विनचे आकडे एकाच नावाच्या फाइलीत जायला बघतात, किंवा फोल्डरच्याच नावाने फाइल उघडण्याचा प्रयत्न होतो आणि एरर येतो तो ओपनच्या ओळीवर, जिचा काही दोष नाही. सीपीपी वेगळं चालवायचंच असेल तर -ट्रॅडिशनल द्यावं, मग दोन रेघांना हात लागत नाही. सोबत -अनडेफ द्यावं, कारण लिनक्सवरच्या सीपीपीला लिनक्स आणि युनिक्स ही स्मॉल अक्षरांतली नावं म्हणजे १ वाटतात. या नावाचं व्हेरिएबल कोडमध्ये असेल तर त्याच्या जागी १ येऊन बसतो. आमचं मत विचाराल तर वेगळं सीपीपी चालवूच नये. कंपायलरचा फ्लॅग वापरावा.

पारंपरिक मोडमध्येही एक सापळा उरतोच: तिरपी रेघ आणि तिला लागून तारा. ही सीच्या लांब कॉमेंटची सुरुवात, आणि ती दोन्ही मोडमध्ये मानली जाते. फोर्ट्रानच्या कॉमेंटमध्ये कुणी सहज लिहून ठेवलेलं असतं की डेटा/*.डॅट या सगळ्या फाइली वाचायच्या. प्रीप्रोसेसरला उद्गारचिन्हाने सुरू झालेली फोर्ट्रानची कॉमेंट कळत नाही, त्याला तिथे लांब कॉमेंट उघडलेली दिसते. पुढे कुठे ती बंद झालेली नसेल तर न संपलेल्या कॉमेंटचा एरर येतो, ते परवडलं. पण खाली कुठे तारा आणि रेघ या क्रमाने लागून आले तर मधलं सगळं गायब. नव्या कोडमध्ये प्रीप्रोसेसर लावण्याआधी रेघ-तारा ही जोडी सगळ्या फाइलींत ग्रेपने शोधावी. दोन मिनिटांचं काम आहे.

पारंपरिक मोडचा आणखी एक नियम: # हे ओळीच्या पहिल्याच कॉलममध्ये हवं. त्यानंतर स्पेस चालते, आधी चालत नाही. एडिटरचं आपोआप इंडेंट करणं चालू असेल तर तो # ला आजूबाजूच्या कोडबरोबर आत ढकलतो आणि कंपायलर त्या चिन्हावर अडतो. अटींच्या आत अटी असतील तर # पहिल्या कॉलमला ठेवून शब्दाच्या आधी स्पेस द्यावी, रचना डोळ्यांना दिसते. सीमध्ये मॅक्रोच्या आत # लावून स्ट्रिंग बनवणं किंवा दोन # लावून नावं चिकटवणं चालतं, ते जीफोर्ट्रानमध्ये चालत नाही. त्याला पर्यायी युक्त्या आहेत, पण त्या दुसऱ्या कंपायलरवर टिकतील याची हमी नसते. अशा मॅक्रोंच्या नादी लागू नये.

नावांचा प्रश्न जुन्या कोडमध्ये फार टोचतो. फोर्ट्रानला कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, प्रीप्रोसेसरला नाही. मॅक्रो कॅपिटलमध्ये ठेवायची सीमधली रीत इथे उलटते, कारण जुना सगळा कोडच कॅपिटलमध्ये आहे. कमांड लाइनवर -डी लावून डीबग असा कॅपिटल मॅक्रो दिला आणि कोडमध्ये डीबग नावाचं लॉजिकल व्हेरिएबल असलं तर त्याच्या जागी १ येतो, आणि डीबग बरोबर ट्रू या वाक्याचं १ बरोबर ट्रू होतं. इथे निदान एरर येतो. एन नावाचा मॅक्रो केला तर कॅपिटल एन बदलतो, स्मॉल एन तसाच राहतो, आणि एकाच व्हेरिएबलचे दोन अर्थ होतात. म्हणून प्रत्येक मॅक्रोला प्रकल्पाचा उपसर्ग लावायचा. आम्ही केआर_ लावला. मूळ कोडमध्ये अंडरस्कोअरची नावं नव्हतीच, त्यामुळे टक्कर होण्याचा प्रश्न मिटला.

चालू आणि बंद करण्याची भाषाही एकदाच ठरवून घ्यावी. -डी केआर_डीपी दिलं की त्याची किंमत १ होते. बंद करायचं म्हणून कुणी केआर_डीपी=० देतं, पण कोडमध्ये #इफडेफ असेल तर ते नाव ठरलेलं आहे एवढंच पाहतं. किंमत शून्य असली तरी फांदी चालूच. #इफ वापरलं तर किंमत पाहिली जाते, पण तिथे उलटा धोका: न ठरलेलं नाव शून्य धरलं जातं, त्यामुळे स्पेलिंग चुकलं तरी काही न बोलता फांदी बंद. शिवाय #इफमध्ये फक्त पूर्णांक चालतात, ०.५ सारखी कालपायरी तिथे तपासता येत नाही. आम्ही सगळीकडे #इफ ठेवलं आणि एका सामायिक हेडरमध्ये प्रत्येक नावासाठी #इफएनडेफ, म्हणजे ते ठरलेलं नसेल, तर #एरर अशी ओळ टाकली. मेकफाइलने एखादं नाव दिलं नाही की बिल्ड तिथेच थांबतो.

ओळीची लांबी ही खास फोर्ट्रानची डोकेदुखी. सीला ओळ कितीही लांब चालते. फोर्ट्रानच्या जुन्या फिक्स्ड फॉर्ममध्ये ७२ कॉलम, फ्री फॉर्ममध्ये १३२. फोर्ट्रान २०२३ ने ही मर्यादा १०,००० वर नेली, पण हाताशी असलेले कंपायलर अजून जुन्या हिशेबाने वागतात. मॅक्रोचं नाव आठ अक्षरांचं असतं, त्याचा विस्तार साठ अक्षरांचा, आणि मोजणी विस्तारानंतर होते. फ्री फॉर्ममध्ये जीफोर्ट्रान ओळ कापली गेल्याचा एरर देतो. फिक्स्ड फॉर्ममध्ये मात्र तो ७२ नंतरचं मुकाट्याने सोडून देतो. मस्किंगमच्या ओळीत तीन गुणक आणि तीन विसर्ग असतात, शेवटी बाजूने येणाऱ्या पाण्याचा भाग. गुणकांच्या जागी मॅक्रो असतील आणि विस्तारानंतर ७२ वा कॉलम नेमका शेवटच्या अधिकच्या चिन्हाआधी आला, तर उरलेलं वाक्य शुद्धच राहतं, फक्त ब्रह्मनाळजवळ येऊन मिळणारं येरळेचं पाणी गणितातून निघून जातं. -वॉल दिलं तर याची वॉर्निंग येते, म्हणून फिक्स्ड फॉर्मच्या फाइली -वॉलशिवाय कंपाइल करूच नयेत. सोबत -एफफिक्स्ड-लाइन-लेंग्थ-१३२ आणि फ्री फॉर्मला -एफफ्री-लाइन-लेंग्थ-नन द्यावं. एक सावधगिरी: फार जुन्या फाइलींत ७३ ते ८० या कॉलमांत जुन्या पंच कार्डांचे अनुक्रमांक असतात. तिथे लांबी वाढवली की ते आकडे वाक्यात शिरतात. ते कॉलम आधी साफ करून घ्यावेत.

एरर कुठे आला हे छापायला फाइलीचं नाव आणि ओळक्रमांक देणारे तयार मॅक्रो फार उपयोगी आहेत, ते जरूर वापरावेत. पण सीमेक हे बिल्डचं साधन फाइलीचा पूर्ण पाथ देतं, आणि पाथ लांब असला की तीच एक ओळ १३२ ओलांडते. मॅक्रोचा विस्तार एकाच ओळीत होतो, म्हणून दोन वाक्यं असतील तर मध्ये अर्धविराम लागतो. मॅक्रोच्या आत उद्गारचिन्हाची कॉमेंट लिहिली तर विस्तारानंतर त्या ओळीचा उरलेला भाग कॉमेंट होतो. मॅक्रोत बेरीज असेल तर कंस हवेतच.

आता अचूकतेचं प्रकरण, कारण या कामात सगळ्यात जास्त विचार त्यानेच मागितला. ६४-बिट लागतातच का, असा प्रश्न येतो. पातळी आणि विसर्गासाठी ३२-बिट पुरतात. साठ्याच्या ताळेबंदाला नाही. कोयनेची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे १०,५२५ कोटी घनफूट. ३२-बिट रिअलमध्ये अंकांना २४ बिट मिळतात, आणि एवढ्या मोठ्या संख्येजवळ लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये ८,१९२ घनफुटांचं अंतर असतं. १ क्युसेक पाणी तासभर म्हणजे ३,६०० घनफूट, म्हणजे त्या अंतराच्या निम्म्याहून कमी. तासाच्या पायरीने ते साठ्यात मिळवत गेलात तर बेरीज जागची हलत नाही, वर्षभर चालवा. २ क्युसेक, म्हणजे ७,२०० घनफूट, मिळवले तर दर वेळी ८,१९२ जमा होतात. रोजच्या हिशेबात ११,५७४ क्युसेक दिवसभर म्हणजे १ टीएमसी हे इथे पाटबंधाऱ्याशी संबंध असलेल्याला तोंडपाठ असतं. तो हिशेब प्रोग्राममध्ये जुळवायचा तर साठा ६४-बिटमध्येच ठेवावा लागतो.

हे बदलण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे रिअल या शब्दाच्या जागी डबल प्रिसिजन असा मॅक्रो करणं. तो करू नये. रिअल हे घोषणेचं नाव आहे तसं पूर्णांकाचं रूपांतर करणाऱ्या फंक्शनचंही आहे, आणि प्रीप्रोसेसर दोन्ही बदलतो. -एफडिफॉल्ट-रिअल-८ या फ्लॅगने काम होतं, पण त्याने डबल प्रिसिजनसुद्धा १६ बाइटांची होऊ शकते, आणि बायनरी फाइलींची मांडणी बदलते. आम्ही एकच छोटं मॉड्यूल केलं, त्यात एक #इफ: एका फांदीत डब्ल्यूपी म्हणजे रिअल६४, दुसरीत रिअल३२. हे दोन्ही आयएसओ_फोर्ट्रान_एन्व्हमधून येतात. बाकी सगळ्या कोडमध्ये रिअल(डब्ल्यूपी). स्थिरांकांनाही _डब्ल्यूपी लावायला विसरू नये. नुसतं ०.१ लिहिलं तर ते ३२-बिटच राहतं आणि ६४-बिटच्या गणितात ०.१०००००००१४९ असं शिरतं.

आणि इथेच मेकचा धोका आहे. मेक फाइलींच्या वेळा पाहतो, -डी बदलला हे त्याला कळत नाही. ३२-बिटचा बिल्ड झाल्यावर फ्लॅग बदलून पुन्हा मेक म्हटलं तर फक्त हात लागलेल्या फाइली नव्याने होतात, बाकीच्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या. मॉड्यूलमधल्या रूटीन असतील तर कंपायलर जुळणी तपासतो, पण फोर्ट्रान ७७ च्या वेगळ्या फाइलीतल्या सबरूटीनांना लिंकर फक्त नावावरून जोडतो. मुख्य प्रोग्रामने ६४-बिटचा ५०० क्युसेकचा ॲरे पाठवला आणि सबरूटीन जुनी, ३२-बिटची असली, तर तिला पहिली संख्या ०.० दिसते आणि दुसरी ३.९८८२८१२५. मग पुन्हा ०.०, पुन्हा ३.९८८२८१२५. ५०० ही ६४-बिट संख्या दोन तुकड्यांत वाचली की हेच आकडे निघतात. १.० चा ॲरे असेल तर ०.० आणि १.८७५ अशी जोडी येते. आउटपुटमध्ये एक सोडून एक शून्य दिसलं की गणितात चूक शोधू नये, मेक क्लीन करावं.

त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक बिल्डला वेगळा फोल्डर. ऑब्जेक्ट फाइली तिथे, आणि मॉड्यूल फाइलीही -जे देऊन तिथेच, कारण .मॉड फाइली एकत्र पडल्या तर एका बिल्डची दुसऱ्यात मिसळते. प्रोग्राम सुरू होताना कंपायलर_व्हर्जन() आणि आपल्या सेटिंगांच्या किमती लॉगमध्ये छापून घ्याव्यात. सहा महिन्यांनी एखादा निकाल कुठल्या बिल्डचा आहे हे विचारलं जातंच.

इन्क्लूडबद्दल थोडक्यात. फोर्ट्रानचं स्वतःचं इन्क्लूड कंपायलर पाहतो, प्रीप्रोसेसर नाही. त्या फाइलीत मॅक्रो किंवा #इफ असतील तर ते तसेच राहतात. जुन्या कोडमधले कॉमन ब्लॉक, म्हणजे अनेक सबरूटीनांचे सामायिक व्हेरिएबल, अशाच फाइलींत असतात. त्यांत अटी घालायच्या असतील तर #इन्क्लूड करावं आणि फोल्डर -आय ने द्यावा.

ओपनएमपीसाठी बहुतेक ठिकाणी प्रीप्रोसेसर लागतच नाही. फ्री फॉर्ममध्ये उद्गारचिन्ह आणि डॉलर या जोडीने सुरू होणारी ओळ ओपनएमपी चालू असेल तरच कोड ठरते, नसेल तर ती साधी कॉमेंट. धाग्यांची संख्या विचारण्यासारख्या एखाद-दुसऱ्या ओळीला हेच वापरावं. हे ओपनएमपीच्याच नियमांत आहे, त्यामुळे सगळ्या कंपायलरांवर सारखं चालतं.

नेटसीडीएफचं वेगळं. हवामान विभागाचा ०.२५ अंशांच्या जाळीवरचा पाऊस त्या स्वरूपात मिळतो, पण ज्या संगणकावर लायब्ररी नाही तिथे यूज नेटसीडीएफ ही ओळच कंपाइल होत नाही. लॉजिकल पॅरामीटर ठेवून साध्या इफने हे सुटत नाही, कारण न चालणारी फांदीसुद्धा कंपायलर पूर्ण तपासतो. आमची कसोटी हीच राहिली: जे वाक्य दुसऱ्या जागी कंपाइलच होऊ शकत नाही, तिथे प्रीप्रोसेसर, बाकी सगळीकडे साधं फोर्ट्रान. आणि नेटसीडीएफसारखं, जिथे अख्खी रूटीन बदलते, तिथे त्याच नावाचं मॉड्यूल असलेल्या दोन फाइली करून कोणती घ्यायची ते मेकफाइलला ठरवू द्यावं. ओळीओळीला #इफ असलेली फाइल कुणालाच धड वाचता येत नाही.

या कसोटीवर एक मोह आम्ही पूर्ण टाळला, तो एककांचा. क्युसेक की घनमीटर प्रतिसेकंद, फूट की मीटर, हे मॅक्रोने ठरवणं सोपं असतं. पण पुराच्या रात्री आकडे पाहणाऱ्याच्या हाताशी कंपायलर नसतो. १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३५.३१४७ क्युसेक, एवढा एक गुणाकार चालत्या प्रोग्रामने इनपुट फाइलीतली ओळ वाचून करावा. आतलं गणित एकाच एककात ठेवावं.

तीच रूटीन ३२-बिट आणि ६४-बिट अशी दोन्हींसाठी एकाच बिल्डमध्ये हवी असेल तर मात्र सीच्या धर्तीचा प्रीप्रोसेसर अपुरा पडतो, कारण त्याला लूप नाही. तिथे फिप हे फोर्ट्रानसाठीचं वेगळं प्रीप्रोसेसिंगचं साधन वापरावं. ते पायथनवर चालतं, त्यात फॉर लूप आहे, आणि लांब ओळी ते स्वतःच १३२ च्या आत मोडून देतं. बिल्डसाठी पायथन लागतं एवढीच अडचण. जिथे पायथन टाकता येत नाही तिथे पाठवताना फिपमधून बाहेर पडलेला कोडच पाठवावा.

शेवटच्या तपासणीला पुन्हा -ई आणि -पी. दोन बिल्डच्या फ्लॅगांनी प्रत्येक फाइलीचा प्रीप्रोसेस झालेला मजकूर वेगवेगळ्या फोल्डरांत काढायचा आणि डिफ लावून फरक पाहायचा. ३२-बिट आणि ६४-बिट यांच्यात अचूकतेच्या मॉड्यूलमधली एक ओळ सोडून काहीही वेगळं दिसता कामा नये. दुसरी ओळ दिसली तर कुठेतरी अजून अट लपलेली आहे, ती शोधायची. मग दोन्ही बिल्ड एकाच पुराच्या आकड्यांवर चालवायचे. मस्किंगमच्या तिन्ही गुणकांची बेरीज १ येते का ते प्रत्येक टप्प्यासाठी पाहायचं, आयर्विनचा विसर्ग पहिल्या पाच अंकांपर्यंत जुळतो का ते पाहायचं, आणि साठ्याचा ताळेबंद फक्त ६४-बिटचा ग्राह्य धरायचा.